हुरड्याच्या दिवसांतली परतवाट

परवा सकाळी अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. फोन आणि तार यांत त्या फारसा फरक करत नाहीत. "ज्वारी हुरड्यात आली. ऐतवारी या. गाडी घेऊन या," एवढं बोलून त्यांनी ठेवूनही दिला.

मी तशीच गच्चीवर गेले. लातूरच्या आमच्या गच्चीवरून आता शेत दिसत नाही. चारी बाजूंना मुलामुलींची वसतिगृहं, दोऱ्यांवर वाळणारे टॉवेल, खिडक्यांच्या काचांवर आतून चिकटवलेली रसायनशास्त्राची सूत्रं. तरी पौषातल्या सकाळी वारा जरा फिरला की कुठून कोण जाणे, भाजल्या कणसाचा वास येतो. येतोच. इतक्या इमारती झाल्या, पण तो वास काही त्यांना अडवता आलेला नाही. परवाही आला, आणि मला गेल्या वर्षीचे हेच दिवस आठवले. याच हवेत आम्ही दोघं साडेपाच महिन्यांनी घरी परतत होतो. खरं सांगायचं तर परतायचं लांबवत होतो.

आम्ही म्हणजे मी आणि बालाजीराव. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि कॉलेज सुटलं की क्लासमध्ये. बालाजीरावांची मेस होती. दोघांचंही पोट परीक्षेवर. भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात क्लासचं पेव फुटलं, त्यातच आमचा संसार उभा राहिला. सुरुवातीला क्लासही पत्र्याच्या शेडमध्ये आणि मेसही. पाऊस जोरात आला की मी फळ्यावर नुसती आकृती काढायचे, कारण आवाज पोचायचा नाही. तिकडं मेसमध्ये बालाजीराव बोटांनी विचारायचे, भाकरी एक की दोन. मग शेडच्या जागी इमारती आल्या, इमारतींवर मजले चढले, मजल्यांवर उत्तीर्ण मुलांचे हसरे फोटो चढले. हिमायतनगर, बिलोली, उदगीर, कुठून कुठून मुलं यायची. हातात पत्र्याची पेटी, मागे मुंडासं सोडून घाम पुसणारे वडील. पहिल्या दिवशी ते मेसमध्ये यायचे आणि बालाजीरावांना बाजूला घेऊन सांगायचे, "मामा, पोरगं बोलत न्हाई. पर भूक लई हाय त्याला." बालाजीराव म्हणायचे, "बोलायचं मॅडम बघतील. भुकेचं माझ्याकडं."

सगळं शहर त्यांना मामा म्हणतं आणि मला मॅडम. घरात तेही मला मॅडमच म्हणतात. आधी थट्टेनं म्हणायचे, पुढे तोंडात बसलं.

आमच्या वर्षात ऋतू तीनच. प्रवेश, सराव परीक्षा आणि निकाल. दिवाळीच्या सुट्टीत जादा तास, उन्हाळ्याच्या सुट्टीत पुढच्या वर्षाची तयारी. मेसला तर सुट्टी नावाचा प्रकारच नाही, कारण सुट्टीत न जाणाऱ्या मुलांना इतर दिवसांपेक्षा जास्त भूक लागते असं बालाजीरावांचं ठाम मत. तीस वर्षांत आम्ही दोघं मिळून लांबात लांब गेलो ते तिरुपतीला. तिथूनही तिसऱ्या दिवशी परत फिरलो, कारण इकडे मेसमध्ये येसराच्या, म्हणजे भाजणी-मसाल्याच्या आमटीत मीठ जास्त पडल्याचा निरोप आला होता. मुलगी शिकून नोकरीला लागली, बेंगळुरूला गेली, तिला भेटायलाही मी एकटीच जायचे.

मी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या उन्हाळ्यात बालाजीरावांनी मेस भाकऱ्या करणाऱ्या दोघी बायांच्या हवाली केली आणि एक जुनी सतरा आसनी गाडी दारात आणून उभी केली. मुलांना वसतिगृहातून क्लासला नेणारी ती गाडी. आतल्या पत्र्यावर कर्कटकाच्या टोकानं कोरलेली नावं, बेरजा, शेवटच्या खिडकीखाली 'आज पेपर सोपा गेला' असं कुणीतरी लिहून खाली दोनदा रेघ मारलेली.

"हिचं काय करायचं?" मी विचारलं.

"घर," ते म्हणाले.

नांदेडला खलील मिस्त्रींचं वर्कशॉप आहे. त्यांचे वडील पत्र्याच्या पेट्या करायचे, ते ट्रकच्या बॉड्या करतात. त्यांची नसरीन लातूरला शिकायला होती तेव्हा दोन वर्षं आमच्या मेसमध्ये जेवली. रमजानात सहरीला पोरीच्या पोटात गरम काही जावं म्हणून बालाजीराव स्वतः उठून पिठलं-भाकरी करायचे. नसरीन आता नांदेडातच डॉक्टर आहे. त्यामुळे आमची गाडी वर्कशॉपमध्ये शिरली आणि मिस्त्रींनी समोरचे दोन ट्रक बाजूला लावायला सांगितले. आसनं निघाली. दोघांना निजायची फळी, तिच्याखाली सामानाचे खण, दोन शेगड्यांचा ओटा, टपावर पाण्याची टाकी, मागे अंघोळीपुरता आडोसा. बालाजीरावांचा हट्ट एकच होता. निजायची जागा दाराला लागून हवी. घरीही आमचा पलंग तसाच आहे, दारापासून हातभर. आमच्या भागातल्या, आमच्या वयाच्या पुष्कळ माणसांचे पलंग तसे असतात आणि त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. मिस्त्रींनीही विचारलं नाही. "दरवाजा आतून एका बोटानं उघडंल असा करून देतो, मामू," एवढंच म्हणाले.

गणपती विसर्जन करून लोक निजले आणि पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी नांदेडला होते, काकांच्या घरी. मांडणीवरची भांडी वाजली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. दिवस चढेपर्यंत आम्हाला वाटत होतं, झालं ते एवढंच. मग लातूरकडच्या बातम्या यायला लागल्या. आम्ही कॉलेजच्या मुलींनी आठ दिवस भाकऱ्या थापल्या, फडक्यांत बांधल्या आणि ट्रकमध्ये चढवल्या. लग्नानंतर मी हे बालाजीरावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एक लई वातड लागली होती. तुझीच असणार ती." भूकंपाबद्दल ते जेव्हा जेव्हा बोलले ते असं, हसण्यावारी. बाकी मला माहीत होतं ते एका ओळीचं. ते लातूरला खोली घेऊन शिकत होते, अक्का आपल्या नवऱ्याबरोबर शेतातल्या झोपडीत, कोपीत, निजल्या होत्या, आणि आई घरात होती. आई गेली.

गाव पुढे दोन-तीन मैलांवर नव्यानं वसवलं. रुंद रस्ते, एकसारखी घरं. लग्नकार्याला आम्ही तिथं जायचो. फाट्यावर गाडी डावीकडे वळायची. उजवीकडे बाभळींचं रान दिसायचं, तिकडे जुनं गाव. तीस वर्षांत बालाजीरावांनी कधी त्या बाजूला मान वळवली नाही, आणि मीही कधी 'चला, एकदा बघू' म्हटलं नाही. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला प्रश्न कुठे विचारू नये हेही कळतं, असं मी स्वतःला सांगत आले. कदाचित तो माझा भित्रेपणाही असेल.

तर श्रावणात आम्ही निघालो. पहिला पंधरवडा नुसता भांडणात गेला. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना पाठमोरंच पाहिलं होतं, मी क्लासला जाताना आणि ते बाजारातून येताना. आता समोरासमोर, आणि मध्ये अंतर किती, तर एक परात मावेल इतकं. शिवाय दोन माणसांचा स्वयंपाक बालाजीरावांना येतच नव्हता. मूठ आपोआप दोनशे मुलांच्या मापात जायची. नर्मदेच्या काठी पहिल्यांदा खिचडी केली ती पातेल्यातून वर यायला लागली. मी वैतागून म्हटलं, "आता ही कोण खाणार?" त्यांनी दार उघडलं, बाहेर घाटावर कपडे वाळवत बसलेल्या चातुर्मासात मुक्कामी थांबलेल्या परिक्रमेच्या माणसांकडे पाहिलं आणि मेसमधल्या आवाजात हाक दिली, "चला, बसा! गरम आहे!" भाषा कुणाला कळली नाही. पण हाक कळली. पंधरा माणसं जेवून उठली, आणि एका म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवून आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं. त्या दिवसापासून मी मापाबद्दल बोलायचं सोडलं. पुढे पेट्रोल पंपांवर, देवळांच्या आवारात, समुद्रकाठच्या माडांखाली, जिथं गाडी लावली तिथं आमची मेस लागली.

एका किनाऱ्यावरच्या गावात मला ताप भरला. दवाखान्यात तरुण डॉक्टर. माझी नाडी बघता बघता त्यानं मागे उभ्या असलेल्या बालाजीरावांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून शुद्ध मराठीत विचारलं, "मामा, आज काय आहे?" दोन वर्षं रोज दुपारी मेसच्या खिडकीतून डोकं घालून तो हेच विचारायचा. बालाजीरावांनीही क्षणभर न थांबता उत्तर दिलं, "वांगं. नाक मुरडू नको." बाहेर रांगेत बसलेल्या कोळणी आत हसतंय तरी कोण म्हणून डोकावून गेल्या. माझा ताप अर्धा तिथंच उतरला.

कच्छमध्ये मात्र एक वेगळी गोष्ट घडली. तिथंही आमच्यासारखीच जमीन हलून गेलेली. चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ भेटले, बांधणीचं काम करणारे. बोलता बोलता त्यांचं जुनं घर कसं गेलं ते त्यांनी सांगितलं. एरवी अशा वेळी बालाजीराव उठून गाडीचं टायर बघायला जातात. त्या दिवशी बसून राहिले. मग हळूच विचारलं, "तिकडं कधी जाता का? जुन्या जागी?"

"जातो की," म्हातारे म्हणाले. "लिंबाचं झाड आहे अंगणातलं. त्याला पाणी कोण घालणार?"

इतक्या सहज म्हणाले ते, जणू शेजारच्या खोलीत जाण्याबद्दल बोलत होते. नंतर दोन दिवस गाडी चालवताना बालाजीराव मध्येच आरशात बघायचे आणि मागचा रस्ता बघत राहायचे.

पौष लागता लागता आम्ही आंध्रचा किनारा सोडला आणि तेलंगणातून वर आलो. बोधन मागे पडलं, मांजरेचा पूल आला. ही नदी लातूरच्या आमच्या नळाला येते, आणि इथं ती पार माझ्या माहेरच्या, नांदेड जिल्ह्याच्या शिवेवर वाहत असते. पूल संपला तशी पहिली मराठी पाटी दिसली. पाटीवर काय होतं, तर 'येथे पंक्चर काढून मिळेल'. मी ती मोठ्यानं वाचली. बालाजीराव म्हणाले, "पंक्चर झालेलं नाही, मॅडम." मी म्हटलं, "झालं असतं तरी चाललं असतं." बिलोलीत चहाला थांबलो. टपरीवाल्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पडद्याआडून आत पाहिलं आणि विचारलं, "कुठून येऊन राहिले, मावशी?" साडेपाच महिन्यांनी कुणी तरी माझ्या बोलीत मला विचारत होतं. मी त्याला कन्याकुमारीपासून सगळं सांगायला लागले. त्याचं दूध उतू गेलं.

नायगावच्या पुढे दोन्ही अंगाला ज्वारी डोक्याएवढी उभी होती. कणसं भरलेली, पाखरं उडवणाऱ्या बाया मचाणावरून ओरडत होत्या. गाडीच्या काचा खाली करून आम्ही सावकाश चाललो होतो. इथं मला पहिल्यांदा कळलं की मला घरी जायचं नाहीये. म्हणजे घराला नाही म्हणत नव्हते मी. पण घरी गेल्यावर काय? मेस नाही, तास नाहीत. तो पलंग, ते दार, आणि पुन्हा एकमेकांना पाठमोरे दिसायचे दिवस. या गाडीत मी एका बोलक्या, गमत्या, जरा हट्टी माणसाला नव्यानं ओळखायला लागले होते. लातूरचा जिना चढताना तो कुठेतरी गळून पडेल अशी मला धास्ती होती. बालाजीराव मात्र नुसता वेग कमी करत होते.

नांदेडला मिस्त्रींच्या वर्कशॉपला गाडी दाखवणं भागच होतं. ते बाहेर आले, आम्हाला सलाम केला आणि आमच्याकडे पाठ करून गाडीकडे वळले. टपावर चढले, खाली वाकले, खण उघडले. दरवाजापाशी येऊन थांबले.

"इथं हात कोणी लावला?"

"केरळात बिजागरी निखळली होती," बालाजीराव अपराध्यासारखे म्हणाले. "तिथल्या एका सुतारानं बसवून दिली."

"सुतार? लोखंडाला सुतार?" मिस्त्री माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तरी सांगायचं. फोन करायचा. मी आलो असतो."

"केरळात?"

"मग? गाडी माझी हाय."

त्यांनी तिथंच बसून ती बिजागरी काढली आणि स्वतःची बसवली. सुताराची बिजागरी मात्र फेकली नाही, उलटसुलट करून पाहिली आणि खिशात टाकली. "काम बरं हाय त्याचं," असं पुटपुटले. दुपारी नसरीनच्या घरी जेवायला बसलो. तिनं सुशीला केला होता, बालाजीरावांच्या हातचा तिला आवडायचा तसा, चुरमुरे भिजवून, वर दाण्याचं कूट. बालाजीरावांनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. नसरीन परीक्षेच्या निकालासारखी वाट बघत उभी.

"लिंबू कमी," ते म्हणाले.

"मामा, दवाखान्यात लोकं मला घाबरतात, माहितीय?" ती म्हणाली, आणि लिंबू आणायला पळाली.

नांदेड ते लातूर म्हणजे तीन तासांचा रस्ता. आम्ही त्याला तीन दिवस लावले. लोह्याला एक मुक्काम, अहमदपूरच्या अलीकडे एका शाळेच्या मैदानावर दुसरा. तिथल्या पोरांना बालाजीरावांनी धपाटे करून घातले आणि मी पेशी म्हणजे काय ते वांगं कापून दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लातूर आलं. चौकात खांद्याला दप्तरं लावलेली मुलं झुंडीनं रस्ता ओलांडत होती. उजवीकडे वळलं की आमची गल्ली. बालाजीरावांनी वळणाचा दिवा लावला. मग बंद केला. गाडी सरळ पुढे गेली.

"अहो, चुकलात."

"नाही," ते म्हणाले. "अजून एक मुक्काम राहिलाय."

औसा मागे पडलं तेव्हा मला कळलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. काही बोलले असते तर कदाचित त्यांनी गाडी फिरवली असती.

फाट्यावरून ते नेहमीसारखे डावीकडे, नव्या गावाला वळले. अक्का अंगणात तुरी झोडपत होत्या. गाडी बघून काठी हातात तशीच धरून बाहेर आल्या.

"हे काय रं? दवाखान्याची गाडी घेतलीस का?"

"घर हाय, अक्का. बघ तर वर येऊन."

अक्का चढल्या. शेगडी पेटवून बघितली, नळ सोडून बघितला, फळीवर आडव्या झाल्या आणि वर बघत म्हणाल्या, "माझ्या घरापेक्षा बरं हाय. ह्याला पाहुणे येत न्हाईत."

आम्ही हसत होतो. बालाजीराव ओट्याला टेकून उभे होते. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "अक्का, जुन्या गावात ही गाडी जाती का?"

अक्का उठून बसल्या. मग पदरानं हात पुसले, हात कोरडे होते तरी. "जाती की," म्हणाल्या. "ट्रॅक्टर जातो, तुझ्या गाडीला काय झालं. थांब, आगपेटी घेते. आपल्या वावरात हुरडा आलाय."

त्या सकाळचं ऊन मला अजून आठवतं. कोवळं नव्हतं आणि कडकही नव्हतं. बाभळींतून गाडी गेली, फांद्या टपावर घासल्या. पुढे मोकळं माळरान आणि त्यात जमिनीला चिकटून राहिलेल्या दगडांच्या रांगा. कुठे जोतं, कुठे पायरी, कुठे बुजत आलेली विहीर. दगडांमधून रानतुळस वाढलेली. मी मनात भलतंसलतं घेऊन बसले होते. तिथं बुलबुल बोलत होते, आणि पलीकडे थेट तेरणा नदीच्या बाजूपर्यंत हिरवी ज्वारी हलत होती.

अक्का पुढे, आम्ही मागे. एका जोत्यापाशी अक्का थांबल्या. गुडघ्याएवढ्याही न उरलेल्या त्या भिंती, कुणीही सहज ओलांडून आत जावं. पण अक्का वळसा घालून पलीकडे गेल्या, दोन दगडांमधल्या मोकळ्या जागेतून आत शिरल्या आणि म्हणाल्या, "ये. दार हितं हाय."

बालाजीराव चपला काढून दारातून आत गेले. मीही गेले. लग्नानंतर तीस वर्षांनी मी सासरच्या घरात पाऊल टाकत होते.

"ही पडवी," ते मला दाखवायला लागले. "ही चूल. हितं आई बसायची. हितं कोनाडा होता, त्यात गूळ लपवायची. मला ठाऊक होतं हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती आधीच एक खडा वेगळा ठेवायची, चोरायला." आणि ते हसले. "एकदा मास्तर घरी आले, पोरगं गणितात कच्चं हाय म्हणून सांगायला. आईनं त्यांना जेवायला बसवलं आणि भाकऱ्या वाढत राहिली. मोजून बघा म्हणाली, किती झाल्या. मास्तरला मोजता आल्या नाहीत. मग म्हणाली, तुम्हीच कच्चे, तर पोरगं काय करंल?"

अक्का पोट धरून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मला सासूबाई आतापर्यंत एका ओळीत माहीत होत्या, शेवटच्या. त्या सकाळी त्या चालत्याबोलत्या माझ्या समोर आल्या, ठसठशीत कुंकू लावून, हातात भाकरीची काथवट घेऊन.

मग बालाजीराव चुलीच्या जागेपाशी खाली बसले. "विसर्जनाला थांबतो म्हणालो होतो मी," ते म्हणाले. "तिनं थांबू दिलं नाही. परीक्षा जवळ आली, जा, अभ्यास कर. भांडून गेलो मी. डबाही नेला नाही तिचा."

मग अक्का त्यांच्या शेजारी बसल्या.

"बाळ्या," त्या म्हणाल्या, "मी तुला इतकी वर्सं सांगीन म्हनत व्हते. तू गेल्यावर ती रागात नव्हती. तो डबा घेऊन माझ्याकडं कोपीवर आली. म्हनली, पोरगं उपाशी गेलं, पर गेलं ते बरं झालं. हितं राहिलं असतं तर शिकलं नसतं. त्यो डबा आम्ही दोघींनी खाल्ला. लई हसत व्हती, तुझं तोंड कसं झालं व्हतं ते करून दाखवीत व्हती."

बालाजीरावांनी बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण मागून बघताना शाळकरी पोरासारखा दिसत होता. मी पाय न वाजवता दारातून बाहेर आले आणि शेतात जाऊन कणसं खुडायला लागले. मला रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं एवढं मला पक्कं सांगता येईल.

थोड्या वेळानं धूर दिसला. अक्कांनी खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या होत्या. कणसं निखाऱ्यात खुपसायची, काळपट झाली की तळहातावर चोळायची, फुंकर मारायची. तुसं उडून जातात आणि हिरवे, गोड, ऊन दाणे हातात राहतात. धूर बघून नव्या गावातली माणसं यायला लागली. "बालाजी आलाय म्हनं," "खरंच?" कुणी लसणाची चटणी आणली, कुणी दही आणलं. बालाजीरावांच्या वर्गातले दोघे पांढऱ्या मिशांचे आले आणि आल्या आल्या त्यांनी एकमेकांना जुन्या टोपणनावांनी हाका मारल्या, जी मी इथं लिहू शकत नाही. मग व्हायचं तेच झालं. बालाजीराव गाडीत गेले, सगळ्यांत मोठं पातेलं काढलं आणि येसर आमटी टाकली. माप कुणी विचारलं नाही. पन्नासेक माणसं जेवली असतील. प्रत्येक जण आपापल्या घराच्या जोत्यावर बसला होता. वाढायला उठलेले बालाजीराव या घरातून त्या घरात दाराची जागा बघून शिरत होते आणि लोक आतून म्हणत होते, "ये, ये, बालाजी. बस घडीभर."

तो मुक्काम तिथंच पडला. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर निघालो. अक्कांनी निघताना फडक्यात हुरडा बांधून दिला आणि माझी ओटी भरली. "सून पहिल्यांदाच घरी आली," म्हणाल्या.

लातूरला पोचलो तेव्हा दुपारची वेळ होती. क्लासची मुलं जेवून परतत होती. आमच्या दारापुढचा पारिजातक पहिल्या मजल्यापर्यंत वाढला होता. गाडी लावेपर्यंत समोरच्या मंदाताई बाहेर आल्याच.

"अहो, सहा महिने होत आले की! आम्हाला वाटलं, तिकडंच राहिलात. सांगा तरी, कुठं कुठं जाऊन आलात?"

मी आतून पिशव्या काढत होते. मला वाटलं, आता हे नर्मदेपासून सुरुवात करतील, मग रण, मग केरळ, आणि मंदाताईंचा चहा थंड होईल.

"गावाकडं गेलो होतो," बालाजीराव म्हणाले.

"गावाकडं?" मंदाताईंना कळेना. "तुमचं गाव तर..."

"हात पुढं करा," ते म्हणाले. त्यांनी फडक्याची गाठ सोडली आणि मंदाताईंच्या ओंजळीत हुरडा ओतला. "आमच्या आईच्या वावरातला आहे."